बाप्तिस्म्याने तारण की फक्त विश्वासाने? घरात भांडण न लावता हा प्रश्न कसा अभ्यासायचा

लग्नाची बोलणी चालू असतात, मुलगा नगरचा सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, मुलगी वसईची कॅथलिक, सगळं जमत आलेलं असतं, हॉलसुद्धा बघून झालेला असतो, आणि मग कोणीतरी आत्या मध्येच विचारते की मुलं झाली की बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी) कुठे करणार. किंवा चुलतभाऊ नव्या फेलोशिपला (स्वतंत्र ख्रिस्ती गटाला) जायला लागतो आणि थोड्याच दिवसांत सांगायला लागतो की तुझा लहानपणीचा बाप्तिस्मा काही खरा नाही, तेव्हा तुला विश्वास कुठे होता, तू तर झोपलेला होतास. मग फॅमिली ग्रुपवर एका बाजूने मार्क १६:१६ येतं (विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेईल त्याचं तारण, म्हणजे पापापासून सुटका, होईल), दुसऱ्या बाजूने इफिस २:८ येतं (तारण कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे), आणि दोन दिवसांनी काका ग्रुप सोडतात.

हे ज्यांच्या घरात चाललंय किंवा चालणार आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मी पाळक नाही आणि थिऑलॉजीची डिग्रीपण नाही, मंडळीत तरुणांचा बायबल स्टडी घेतो, तिथे हा प्रश्न येतोच येतो. सामान फार लागत नाही. पवित्र शास्त्र, वही, पेन, दोन-तीन निवांत संध्याकाळी, आणि शक्य असेल तर समोरच्या पंथाचा एक शहाणा माणूस चहाला. यूट्यूब सध्या बंद ठेवा, तिथे सगळेच जिंकलेले असतात.

आधी डोक्यातलं चित्र पुसा

बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की कॅथलिक म्हणतात संस्काराने, म्हणजे बाप्तिस्म्यासारख्या चर्चच्या विधीने, देवाची कृपा मिळते आणि प्रोटेस्टंट म्हणतात फक्त विश्वासाने, झालं. हे घेऊन बसलात तर लगेच अडकाल, कारण 'फक्त विश्वासाने' हे ज्याने युरोपभर गाजवलं तो मार्टिन ल्यूथर स्वतः तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूने ठाम उभा होता, आणि बाप्तिस्म्याने पापांची क्षमा होते, मरणापासून आणि सैतानापासून सुटका होते, विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक तारण मिळतं असं त्याने १५२९ च्या लहान कॅटेकिझममध्ये (प्रश्नोत्तरांच्या शिकवणीच्या पुस्तकात) सरळ लिहून ठेवलंय. तिथेच पुढे प्रश्न आहे की पाणी एवढं मोठं काम कसं करेल, आणि उत्तर असं की नुसतं पाणी नाही करत, पाण्याबरोबर असलेलं देवाचं वचन करतं आणि त्या वचनावर भरवसा टाकणारा विश्वास. त्याच वर्षीच्या मोठ्या कॅटेकिझममध्ये तो अजून पुढे जातो, म्हणतो माझ्या विश्वासामुळे बाप्तिस्मा होत नाही, विश्वास फक्त तो स्वीकारतो. आणि बाळाला विश्वास असतो का? तो म्हणतो असावा अशी आशा आणि प्रार्थना करत आपण बाळाला आणतो, पण बाप्तिस्मा देतो तो त्या भरवशावर देत नाही, देवाने आज्ञा केलीय म्हणून देतो.

म्हणजे ल्यूथरला कोणी विचारलं असतं की संस्कार की विश्वास, एक काय ते सांगा, तर तो भडकला असता (तसं त्याला भडकायला फार कारण लागायचं नाही).

उलट झ्युरिकचा झ्विंगली बघा, तोही सुधारणावादी, तोही त्याच काळातला, पण त्याचं म्हणणं की बाहेरचं पाणी आतलं पाप धुऊ शकत नाही, बाप्तिस्मा ही देवाच्या लोकांत असल्याची खूण आहे. तरी बाळांचा बाप्तिस्मा त्याने चालूच ठेवला. मग त्याच्याच शिकवणीत वाढलेल्या पोरांनी विचारलं की नुसती खूणच आहे तर ज्याला काही कळत नाही त्या बाळाला कशाला? २१ जानेवारी १५२५ ला कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला मोठेपणी परत बाप्तिस्मा दिला आणि तिथून अॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे परत बाप्तिस्मा देणाऱ्यांची, चळवळ सुरू झाली. झ्युरिकच्या कौन्सिलने त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला ५ जानेवारी १५२७ ला लिम्माट नदीत बुडवून मारलं. प्रोटेस्टंट शहराने, प्रोटेस्टंट माणसाला, बाप्तिस्म्यावरून. ज्यांना वाटतं हा वाद फक्त पोप आणि ल्यूथर यांचा होता त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तर वहीत नवी रेघ काढा. बाप्तिस्मा हे मुळात देवाचं काम आहे की माणसाची साक्ष आहे, हा प्रश्न वर लिहा. एका टोकाला कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन येतात, अँग्लिकनही बरेचसे त्याच बाजूला. दुसऱ्या टोकाला बॅप्टिस्ट, ब्रदरन, बहुतेक पेंटेकोस्टल आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा स्वतंत्र फेलोशिप. प्रेस्बिटेरियन वगैरे मधे. आणि नगर भागातल्या लोकांना माहीत असलेली मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या रेघेवर कुठेच बसत नाही, ते बाप्तिस्मा देतच नाहीत आणि प्रभुभोजनही घेत नाहीत, त्यांच्या संस्थापक विल्यम बूथने १८८३ च्या सुमारास हे विधी सोडून दिले, आणि तरी त्यांना ख्रिस्ती नाही म्हणायची हिंमत कोण करेल, निम्म्या नगरने त्यांच्या बूथ हॉस्पिटलमध्ये उपचार घेतलेत.

आता वचनं, पण तीन रकान्यांत

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. लोक काय करतात, आपल्या बाजूची वचनं पाठ करतात आणि समोरच्याची आली की "त्याचा अर्थ तसा नाही" म्हणून झटकतात. तुम्ही एक पान घ्या, तीन उभे रकाने करा.

पहिल्या रकान्यात जिथे बाप्तिस्म्याला काहीतरी काम दिलंय अशी वचनं. प्रेषितांची कृत्ये २:३८, पेत्र लोकांना सांगतो पश्चात्ताप करा, पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. कृत्ये २२:१६, पौलाला सांगितलंय उठ, बाप्तिस्मा घे आणि पापं धुऊन टाक. योहान ३:५, पाण्याने आणि आत्म्याने जन्मणं. रोम ६:३-४, ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं. तीत ३:५, नव्या जन्माचं स्नान. आणि १ पेत्र ३:२१, जिथे बाप्तिस्मा तुम्हाला तारतो असं चक्क लिहिलंय. शेवटचं वचन आमच्यासारख्या प्रोटेस्टंटांच्या प्रवचनात फार कमी ऐकू येतं हे माझं निरीक्षण, राग मानू नका.

दुसऱ्या रकान्यात जिथे विश्वासालाच सगळं दिलंय अशी. इफिस २:८-९, रोम ३:२८, योहान ३:१६. आणि रोम ४ नीट वाचा, विशेषतः ९ ते ११, कारण तिथे पौल विचारतो की अब्राहाम नीतिमान ठरला तो सुंतेच्या आधी की नंतर? आधी. मग सुंता काय होती? विश्वासाने आधीच मिळालेल्या नीतिमत्त्वाचा शिक्का. बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन दोघेही याच वचनावर उभे राहून उलट्या निष्कर्षाला जातात, एक म्हणतो आधी विश्वास मग खूण, दुसरा म्हणतो पण हीच खूण अब्राहामाच्या मुलाला, इसहाकाला, आठव्या दिवशी दिली की. १ करिंथ १:१४-१७ पण इथेच लिहा, पौल म्हणतो ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा द्यायला नाही तर सुवार्ता सांगायला पाठवलं.

पुष्कळ जण इथे थांबतात, दोन ढीग समोरासमोर ठेवतात आणि कोणाचा मोठा ते मोजतात. तिसरा रकाना काढा. ज्यात दोन्ही एकाच वाक्यात किंवा लागून आलेत. गलती ३:२६ म्हणतं तुम्ही सगळे विश्वासाच्या द्वारे देवाची मुलं आहात, आणि पुढचंच २७ वं वचन म्हणतं कारण ज्यांचा ख्रिस्तात बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्त पांघरलाय. कलस्सै २:१२ तर एकाच दमात बोलतं, बाप्तिस्म्यात पुरले गेलात आणि देवाच्या कृतीवरच्या विश्वासाने उठवले गेलात. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी कृत्ये १६:३०-३३ मध्ये विचारतो तारण व्हायला काय करू, उत्तर मिळतं प्रभू येशूवर विश्वास ठेव, आणि त्याच रात्री घरच्यांसकट बाप्तिस्मा होतो. मार्क १६:१६ मध्येही दोन्ही आहेत, पण अर्ध्या वचनात, दुसऱ्या अर्ध्यात शिक्षेचं कारण फक्त अविश्वास सांगितलंय, बाप्तिस्म्याचं नाव नाही. (मार्कचा हा शेवटचा भाग, ९ व्या वचनापासून पुढचा, सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीये, तेव्हा सगळा वाद या एका वचनावर टांगू नका.)

पौल आणि पेत्र यांना ही दोन वेगळी दुकानं आहेत असं वाटतच नव्हतं हे तिसरा रकाना भरताना आपोआप दिसतं. त्यांच्यासमोर मोठी माणसं येत होती, ऐकत होती, विश्वास ठेवत होती आणि त्याच दिवशी पाण्यात उतरत होती. मधे गॅपच नव्हता. आपला प्रश्न गॅप पडल्यावर तयार झालाय, म्हणजे बाळाला बाप्तिस्मा आणि पंधरा-वीस वर्षांनी विश्वास, किंवा आधी विश्वास आणि मग क्लास, फॉर्म, तारीख असं करत करत बाप्तिस्मा.

आणि पानाच्या खाली चार माणसं लिहा, ज्यांच्यामुळे कोणाचंच गणित सरळ सुटत नाही. कर्नेल्य, कृत्ये १०, पवित्र आत्मा आधी आला, पाणी नंतर. शोमरोनचे लोक, कृत्ये ८, बाप्तिस्मा झाला होता पण आत्मा पेत्र-योहान येऊन हात ठेवेपर्यंत आला नव्हता. त्याच अध्यायातला शिमोन जादूगार, विश्वास ठेवला असं लिहिलंय, बाप्तिस्माही झाला, आणि थोड्याच वेळात पैसे देऊन आत्म्याची पॉवर विकत घ्यायला निघाला, पेत्राने त्याला असा झापला की बस. आणि येशूशेजारी वधस्तंभावर असलेला चोर, ना पाणी ना मंडळी, तरी येशू त्याला म्हणाला आजच माझ्याबरोबर सुखलोकात. कोणी कुठलाही फॉर्म्युला सांगितला की या चौघांना त्यात बसवून बघा. कॅथलिक शिकवण चोराला बसवते, रक्ताचा बाप्तिस्मा (विश्वासासाठी मरण) आणि इच्छेचा बाप्तिस्मा (घ्यायची इच्छा होती पण जमलं नाही) या कल्पना पाण्याशिवाय गेलेल्या अशा माणसांसाठी आहेत. बॅप्टिस्टांना शिमोन जड जातो, ते म्हणतात त्याचा विश्वास खरा नव्हता, बरोबर असेल, पण मग कुणाचा खरा हे पाण्यात उतरवताना ओळखायचं कसं हा प्रश्न त्यांनाही राहतोच.

प्रत्येक पंथाला तेच तीन प्रश्न विचारा

काम कोण करतं? कधी होतं? आणि विश्वास नसेल तर काय? हे तीन विचारले की निम्मा गैरसमज जातो, कारण आपण समोरच्याचं जे मत समजून त्याला झोडत असतो ते बरेचदा त्याचं नसतंच.

कॅथलिकांना विचारा. नुसता फादरने पाणी ओतलं की जादू झाली असं ते शिकवतात का? कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने ३ मार्च १५४७ च्या सातव्या सत्रात म्हटलं की संस्कार ते दाखवतात ती कृपा खरोखर देतात, आणि ती देतात केलेल्या संस्काराच्याच बळावर, लॅटिनमध्ये 'एक्स ओपेरे ओपेरातो'. आमच्याकडे हे शब्द शिवीसारखे वापरले जातात. पण त्याच परिषदेने असंही म्हटलंय की कृपा मिळते ती आड न येणाऱ्याला, म्हणजे मनात अडसर उभा करणाऱ्या मोठ्या माणसाला ती आपोआप मिळत नाही. आणि जानेवारीतल्या सहाव्या सत्रात विश्वासाला तारणाची सुरुवात, पाया आणि मूळ म्हटलंय, बाप्तिस्म्याला विश्वासाचा संस्कार म्हटलंय. 'फक्त विश्वासाने' याला त्यांनी शाप दिला हे खरंच आहे, ते लपवू नका, नववा कॅनन (नियम) वाचा, पण त्यातला विश्वास असा समजलाय की त्याच्याबरोबर माणसाच्या इच्छेची काहीच हालचाल लागत नाही. ल्यूथर तरी असा मेलेला विश्वास शिकवत होता का हा वेगळा मुद्दा.

'संस्काराच्याच बळावर' हे आलं कुठून ते माहीत असेल तर राग अर्धा होतो. उत्तर आफ्रिकेत छळाच्या वेळी, साधारण ३०३ ते ३०५, काही बिशपांनी भीतीने शास्त्राच्या प्रती सरकारला देऊन टाकल्या. नंतर डोनाटिस्ट नावाचा गट म्हणाला अशा पळपुट्यांनी दिलेला बाप्तिस्मा रद्द, आमच्याकडे परत घ्या. पुढे त्याच भागातल्या बिशप ऑगस्टिनने सांगितलं की पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्त, यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्त. म्हणजे मुद्दा असा होता की पाळक लबाड निघाला म्हणून तुझं तारण हलत नाही. मला तरी यात दिलासाच दिसतो, आपल्याकडचे काही पाळक आणि त्यांच्या ट्रस्टच्या कोर्टकेसेस आठवल्या की जास्तच.

म्हणूनच कॅथलिक लोक माणसाच्या लायकीपेक्षा विधीच्या शब्दांबद्दल कडक असतात. २०२० मध्ये व्हॅटिकनने सांगितलं की "मी तुला बाप्तिस्मा देतो" ऐवजी "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" म्हटलं तर तो बाप्तिस्माच नाही, आणि अमेरिकेत फिनिक्समध्ये एका फादरने वर्षानुवर्षं तसं म्हटलं होतं म्हणून हजारो लोकांचा बाप्तिस्मा परत तपासायची वेळ आली. प्रोटेस्टंट माणसाला हे ऐकून डोकं धरावंसं वाटतं, मलाही वाटलं. पण त्यांचं लॉजिक त्यांच्या जागी पक्कं आहे, देणारा ख्रिस्त आहे, मग "आम्ही" कोण? आणि हेच लोक त्यांच्या कॅटेकिझमच्या १२५७ व्या परिच्छेदात लिहितात की देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराला बांधलंय पण देव स्वतः त्याच्या संस्कारांना बांधलेला नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, घरात उपयोगी पडतं.

प्रेस्बिटेरियनांचं उत्तर 'कधी' या प्रश्नावर वेगळं आहे. त्यांच्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात (श्रद्धेच्या लेखी मांडणीत), १६४० च्या दशकातला, २८ व्या अध्यायात म्हटलंय की बाप्तिस्म्याचा परिणाम तो दिला त्या क्षणाला बांधलेला नाही. पाणी आज, फळ देवाच्या वेळेला. बॅप्टिस्टांचं उत्तर आणखी वेगळं, काम आधीच होऊन गेलंय, विश्वासाने, पाणी म्हणजे आज्ञापालन आणि चारचौघांत कबुली. विश्वास नसेल तर काय, या तिसऱ्या प्रश्नावर मात्र सगळे जवळ येतात, मोठा माणूस विश्वासाशिवाय पाण्यात उतरला तर त्याला फायदा होतो असं यातलं कोणीही म्हणत नाही. कॅथलिक म्हणतील बाप्तिस्मा झाला पण फळ नाही, बॅप्टिस्ट म्हणतील बाप्तिस्माच झाला नाही. आजोबांनी नातवाच्या नावावर शेत केलं, सातबाऱ्यावर नाव लागलं, पण नातवाने शेतात पाऊलच ठेवलं नाही, तर शेत त्याचं की नाही यावर हे दोघं भांडतायत. पीक आलं नाही यावर दोघांचंही एकमत.

१९९९ मध्ये ३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लूथरन यांनी नीतिमान ठरवलं जाण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तिच्यात विश्वासाने नीतिमान ठरणं आणि बाप्तिस्म्यात पवित्र आत्म्याचं काम हे एकाच परिच्छेदात आहे. पुढे २००६ ला मेथोडिस्ट आणि २०१७ ला रिफॉर्म्ड (प्रेस्बिटेरियन वगैरे) मंडळ्याही त्यात आल्या. सगळं मिटलं असं नाही, पण "तुमचं चर्च विश्वास मानतच नाही" हे वाक्य आता कोणी म्हणू नये.

आपल्या घरातली दोन माणसं

परदेशी नावं ऐकून कंटाळा आला असेल तर पंडिता रमाबाईंकडे या. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा आणि त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला, अँग्लिकन पद्धतीने. आणि नंतर स्वतःच्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बॅप्टिस्ट मंडळी हे वाक्य आपल्या बाजूने वापरतात, बघा, बाप्तिस्म्याने काही झालं नाही. कॅथलिक किंवा अँग्लिकन माणूस तेच वाक्य घेऊन म्हणेल की बी आधी पेरलं होतं, उगवायला वेळ लागला. रमाबाईंचा स्वतःचा कल पहिल्या बाजूला आहे हे वाचताना स्पष्ट दिसतं, विधींवर विसंबण्याबद्दल त्या कडक बोलतात. पण मला त्यांची केस महत्त्वाची वाटते ती यासाठी की गॅप किती लांब असू शकतो हे त्यात दिसतं, आणि तोही एवढ्या विद्वान, एवढ्या प्रामाणिक बाईच्या बाबतीत.

दुसरे कवी ना. वा. टिळक. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५, मुंबईत, आणि त्यापायी घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई बरीच वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांनी १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांना बाप्तिस्म्याची किंमत पुस्तकातून कळलेली नव्हती. आणि याच माणसाने शेवटी, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' काढला ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही ख्रिस्तशिष्य चालणार होते. बाप्तिस्मा फालतू आहे असं त्यांना वाटत होतं असं मला नाही वाटत. आपल्या समाजात बाप्तिस्मा म्हणजे जात, घर, नाव सगळं सोडून दुसऱ्या गोटात जाणं असा अर्थ झाला होता, आणि ख्रिस्ताकडे येणाऱ्या माणसाला ती भिंत आडवी येऊ नये असं त्यांना वाटत असावं. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये जिथे सगळेच बाप्तिस्मा झालेले असतात तिथे हा प्रश्न असा पडतच नाही, आपल्याकडे पडतो, म्हणून बाहेरची उत्तरं जशीच्या तशी उचलू नका.

घरात काय करायचं, प्रॅक्टिकल

मिश्र लग्न असेल तर आधी नियम माहीत करून घ्या, भावना नंतर. कॅथलिक जोडीदाराला लग्नाच्या वेळी वचन द्यावं लागतं की मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि संगोपन मिळावं म्हणून मी माझ्या परीने सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराला हे कळवलं जातं, त्याच्याकडून वचन घेतलं जात नाही. हा फरक सासरच्यांना सांगा, कारण बहुतेक ठिकाणी "आमच्या मुलाकडून लिहून घेतलं" अशी अफवा असते. गॉडफादर-गॉडमदर बद्दल पण विचारून ठेवा, साधारण नियम १६ वर्षं पूर्ण आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेला कॅथलिक, सीएनआयचा मामा एकटा चालत नाही पण कॅथलिक व्यक्तीबरोबर साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. मामाला आधीच सांगा, सूट शिवून झाल्यावर नको.

फादर बाप्तिस्मा पुढे ढकला म्हणाले तर अपमान वाटून घेऊ नका. मुलाला विश्वासात वाढवलं जाईल अशी रास्त आशा नसेल तर थांबायला त्यांचा कायदाच सांगतो. बघा, इथेपण संस्कार एकटा चालत नाही, कोणाचा तरी विश्वास लागतोच, बाळाचा नाही तर घराचा.

मुलाला बाळपणी द्यायचा की मोठेपणी यावर घरात दोन मतं असतील तर सीएनआयकडे बघा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या, त्यात अँग्लिकनही होते आणि बॅप्टिस्ट, ब्रदरनही, म्हणजे साडेचारशे वर्षांचं भांडण एका छपराखाली आलं. त्यांनी दोन्ही पद्धती चालतील असं ठरवलं, बाळाचा बाप्तिस्मा आणि नंतर स्वतःची कबुली, किंवा बाळाचं समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. दोन्हीत पाणी आणि विश्वास दोन्ही आहेत, क्रम वेगळा. माझं मत विचाराल तर मी पहिल्या बाजूचा, देव आधी हात पुढे करतो असं मला वाटतं, पण दुसरी बाजू निवडणाऱ्या आईबापांना मी आळशी किंवा अर्धवट म्हणणार नाही, त्यांना पोराने समजून उमजून उतरावं असं वाटतं, बस.

परत बाप्तिस्मा घे असा आग्रह होतो तेव्हा मात्र घाई करू नका. कॅथलिक, लूथरन, सीएनआय सगळ्यांच्या मते पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा एकदाच होतो. आग्रह करणारा बहुधा कृत्ये १९ दाखवेल, इफिसमधल्या बारा जणांना पौलाने परत दिला, पण त्यांचा आधीचा योहानाचा बाप्तिस्मा होता, येशूच्या नावाचा नव्हता, हे पाचव्या वचनापर्यंत वाचून दाखवा. त्याला शांतपणे विचारा की माझा विश्वास आता कमी पडतोय असं तुला वाटतं की तेव्हाचं पाणी कमी पडलं? पहिलं असेल तर प्रार्थना कर माझ्यासाठी. दुसरं असेल तर मग पाण्यावर जास्त भर कोण देतंय? हे जिंकायच्या सुरात म्हणू नका, नाहीतर सगळं वाया. आणि तरीही कोणी मोठा माणूस मनापासून परत उतरला तर त्याच्याशी बोलणं बंद करू नका, नदीत बुडवायचे दिवस गेले.

हॉस्पिटलमध्ये बाळ अत्यवस्थ असेल आणि फादर पोचत नसतील तर कॅथलिक शिकवणीप्रमाणे कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नर्स, आजी, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, चर्चचा हेतू मनात धरून, डोक्यावर पाणी ओतत "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो" एवढं म्हणून. मग पॅरिशला कळवायचं. आणि नाही जमलं, बाळ आधीच गेलं, तर त्या आईला कोणीही जाऊन वचनं ऐकवू नयेत. व्हॅटिकनच्या थिऑलॉजिकल कमिशननेही २००७ मध्ये अशा बाळांसाठी आशा धरायला कारण आहे असं म्हटलंय, आणि बहुतेक प्रोटेस्टंट पाळकही वेगळं काही म्हणत नाहीत. तिथे फक्त जाऊन बसा.

शेवटी कागदपत्रं. बाप्तिस्म्याचा दाखला कुठल्या चर्चच्या रजिस्टरला आहे ते घरातल्या म्हाताऱ्यांकडून आत्ताच विचारून घ्या, फोटो काढून ठेवा, विधीत त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नाव घेतलं होतं का तेही, कारण काही पेंटेकोस्टल मंडळ्या फक्त येशूच्या नावाने देतात आणि कॅथलिक चर्चमध्ये लग्नाच्या वेळी तो बाप्तिस्मा मानला जात नाही. लग्नाच्या आदल्या महिन्यात हे कळलं तर धावपळ होते.